धाब्यावर गिधाड बसलं तेव्हा

आमच्या चोपड्याकडच्या घराला तेव्हा धाबं होतं. सागाच्या कड्या, त्यावर फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर खारी, म्हणजे पाणी न झिरपू देणारी पांढरी माती. चुलीच्या जरा बाजूला धूर जायला एक हातभर भोक ठेवलेलं होतं, त्याला साणं म्हणतात. साण्यातून उन्हाचा एक तुकडा खाली पडायचा. सकाळी तो भिंतीवर असायचा, मग सरकत सरकत उतरंडीवर यायचा आणि दुपार भरली की माझ्या परातीपाशी. मी कधी घड्याळ पाहत नसे.

त्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि परातीतलं ऊन गेलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. घरात मी एकटी. पोटुशी बाईनं दुपारी शिळं खाऊ नये, एक तरी भाकरी ताजी टाकून खावी असा सासूबाईंचा हुकूम होता. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायची. तर मी थापत होते. ढग आला असेल, आत्ता जाईल, असं वाटून मी वर पाहिलंच नाही. पण ऊन परत येईना. मग वरून चिमूटभर माती पिठावर पडली. धाब्यावर काहीतरी चालत होतं. मांजर चालतं तसं नव्हे. जड, आणि थांबून थांबून.

मी मान वर केली. साण्यातून एक मान खाली लोंबत होती. बिनपिसांची, मळक्या चिंधीसारखी. तिच्या टोकाला चोच होती आणि एक डोळा अर्धा मिटलेला होता.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर शेजारची धावत आली असती, आणि सगळं तिथेच संपलं असतं. एवढं मला त्या क्षणीही कळत होतं.

काय संपलं असतं ते आधी सांगते.

माझं माहेर धुळ्याचं, पण मावशी पारोळ्याला दिलेली. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायची. तिच्या गल्लीत एक घर कायम कुलूपबंद असायचं. अंगणातली तुळस वाळून काटकी झालेली. त्या घरावर गिधाड बसलं होतं म्हणे. बसलं त्याच दिवशी त्या लोकांनी चुलीतला विस्तव विझवला, दाराला कुलूप घातलं आणि शेतातल्या झोपडीत राहायला गेले. शांती झाली, होम झाला, मग ते परत आले की नाही ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच की त्यांची सून तेव्हा गरोदर होती, तिला माहेरी पाठवलं, आणि ती माहेरीच राहिली. तिला कोणी आणायला गेलं नाही. मावशी त्या घरासमोरून जाताना माझा हात घट्ट धरायची आणि पावलं भरभर टाकायची.

आणि माझं पहिलं पोर आदल्याच वर्षी सातव्या महिन्यात गेलं होतं. चोपड्याच्या दवाखान्यात. मुलगा होता. मला दाखवला नाही. घरात मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही, पण पाणी भरायला गेले की बाया बोलता बोलता गप्प व्हायच्या. आता पुन्हा सहावा सरत आला होता. सातवा नीट पार पडतो का, याकडे अख्ख्या घराचं लक्ष लागलेलं. मी पायरी उतरताना भिंत धरायची. शिडीला हात लावायचा नाही, बादली उचलायची नाही. आणि आता घरावर गिधाड.

खरी गोष्ट अशी की गिधाडं आमच्या घराला परकी नव्हती. आमच्या नदीकाठच्या शेताच्या बांधावर जुने सादड्याचे वृक्ष होते, दोन माणसांच्या कवेत न मावणारे. त्यावर गिधाडांची घरटी. सासऱ्यांच्या वडलांच्या आधीपासून, असं सांगत. त्या झाडांखालचं पीक पांढरं व्हायचं, वास यायचा, पण नाना, म्हणजे माझे सासरे, कुऱ्हाड लावू देत नसत. गावात त्यांची चेष्टा चालायची, गिधाडांना सगळे नानांचे जवाई म्हणायचे.

"नाना, जवाई उनात का यंदा?" पारावरून कोणीतरी विचारायचं.

"उनात ना. तुन्हा बैल कव्हय मरी, वाट देखी ऱ्हायनात," नाना न थांबता सांगायचे.

यांचा, म्हणजे माझ्या मिस्टरांचा, त्या झाडांवर फार जीव. चोपड्याला शाळेत विज्ञान शिकवणारे एक सर होते. ते सुट्टीच्या दिवशी लुनावर बसून गळ्यात दुर्बीण अडकवून आमच्या शेतात यायचे. हे त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी. दोघं बांधावर पालथे पडून तासन् तास वर बघत राहायचे. सरांनीच ग्रामपंचायतीला पटवलं होतं की नदीकाठची ती झाडं तोडू द्यायची नाहीत. वर्षागणिक घरटी रिकामी राहू लागली होती, आणि सर दरवेळी जाताना आधीपेक्षा गप्प होऊन जात. यांना मी एकदा विचारलं होतं, की मेली पाखरं ती, एवढं काय. हे म्हणाले, "गावाबाहेर ढोर टाकलं की दोन तासांत साफ करतात. उद्या ती नसली तर कुत्री करतील ते काम. मग तुला भीती वाटेल." मला तेव्हाच भीती वाटत होती, पण ती वेगळी.

झाडावरचं गिधाड झाडाचं. घरावर बसलं की घराचं. आमच्या घरातही हे असंच होतं. यांनी दुर्बीण लावून कितीही पाहिलं तरी अक्का अंगणात सूप पालथं घालून ठेवायच्या, आकाशात गिधाडांच्या घिरट्या फार खाली आल्या तर. हे हसायचे, पण ते सूप कधी त्यांनी सरळ केलं नाही. म्हणून मला कळेना की हे कोणत्या बाजूला पडतील. आज इतक्या वर्षांनी वाटतं की मी सांगायला हवं होतं. पण तेव्हा माझ्या पोटात पोर होतं आणि साण्यातून ती मान खाली लोंबत होती.

मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मागच्या आवारात शिडी होती आणि चिंचा पाडायचा बांबू. बांबू आधी वर सारला. मग एक हात पोटाखाली धरून एकेक पायरी चढले.

वर चवळीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. त्यांच्या मध्येच ते बसलं होतं, साण्याच्या कडेला. एवढं मोठं असतं हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. बसलेलं माझ्या कमरेला लागेल इतकं. काळपट अंग, गळ्याभोवती मळकी लोकर, पाठीवर पांढरा पट्टा. मान खाली टाकलेली, अगदी पायांपर्यंत. मला वाटलं, हे घरात बघतंय. माझ्या चुलीकडे बघतंय.

"जा," मी म्हटलं. "जा ना रे. तुझं झाड आहे तिकडे."

त्यानं मान उचलायचा प्रयत्न केला. अर्धी उचलली आणि पुन्हा सोडून दिली. मी बांबू हवेत फिरवला, शेंगांवर आपटला. एरवी माणूस शंभर पावलांवर आलं तरी ही पाखरं उडून जातात. हे हललं नाही. तेव्हा माझी भीती निराळी झाली. हे उडून जाणारच नाही. संध्याकाळी सगळी येतील तेव्हाही इथेच असेल. गावाच्या देखत.

मी बांबूचं टोक त्याच्या छातीला लावलं आणि ढकललं.

कापसाची गोणी सरकवावी तसं ते सरकलं. नखं खारीवर ओढली गेली, त्याचा आवाज अजून कानात आहे. कडेला आल्यावर त्यानं एक पंख उघडला. एकच. मी आणखी एक ढकलणी दिली आणि ते मागच्या बाजूला पडलं, उकिरड्यापाशी.

खाली उतरताना माझे पाय इतके कापत होते की मधल्या पायरीवर मी बसून राहिले. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. उतरले तेव्हा वाटलं होतं मेलं असेल. मेलं नव्हतं. पायांवर उभं राहिलं होतं, पुन्हा मान खाली टाकून. मी मागच्या दारात उंबऱ्यावर बसले, बांबू मांडीवर आडवा धरून. पाणी द्यावं असं एकदा मनात आलं. दिलं नाही. पाण्यानं ते वाचेल अशी मला भीती वाटली. हे वाक्य मी किती वर्षं कुणाला बोलले नाही. मी त्याच्या मरणाची वाट पाहत बसले होते, ही पाखरं जशी बसतात तशीच.

ऊन कलायच्या आत ते आडवं झालं. मी बारदानावर ओढून घेतलं, उकिरड्याच्या कोपऱ्यात शेण-कचरा बाजूला करून त्यात ढकललं आणि वरून शेण, राख, कापसाच्या काड्या टाकत गेले. अंग इतकं हलकं होतं की मला नवल वाटलं. मग धाब्याकडे पाहिलं. वर नखांचे ओरखडे राहिले असणार. पुन्हा वर चढायची माझ्यात ताकद नव्हती. न्हाऊन घेतलं, राखेनं हात घासले, पिठात पडलेली माती काढली आणि भाकरी टाकली. खाल्ली नाही. चुलीमागे ठेवली.

संध्याकाळी सगळी आली. अक्का शेंगा उतरवायला वर चढल्या. मी खाली दिवा पुसत बसले होते. वर बराच वेळ काहीच आवाज नाही. मग त्या उतरल्या, शेंगांचं टोपलं ठेवलं आणि मला म्हणाल्या, "जेवनी का तू?"

"हो."

त्यांनी चुलीमागची भाकरी काढली, पाहिली आणि गायीला घातली. 

त्या संध्याकाळपासून पोर हलेना. एरवी दिवा लागला की ते लाथा मारायचं. मी पोटावर हात ठेवून बसले, कूस बदलली, गूळ खाऊन पाहिला. काही नाही. हे म्हणाले, "काय गं, बरं नाही का?" मी म्हटलं, "पाठ दुखतेय." मला खात्री होती, जायचं ते पोर गेलं. घरावर बसलं म्हणून गेलं, की मी त्याला मारलं म्हणून गेलं, एवढंच मला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच लुना वाजली.

सर ओट्यावर बसले. त्यांच्या लुनाला मागे एक डबा बांधलेला होता, आइस्क्रीमवाल्याचा असतो तसा. नानांनी विचारलं, "सर, कुल्फी इकाले निंघनात का?" सर हसले नाहीत. म्हणाले, "बर्फ आहे नाना. मेलेलं गिधाड ठेवायला."

मी आत चहा करत होते. भिंतीला टेकून उभी राहिले.

सर यांना सांगत होते. सादड्याखाली दोन मेलेली सापडली होती, पण अळ्या पडलेली. सगळीकडे हेच चाललंय, पाखरू दिवसचे दिवस मान टाकून बसतं आणि एक दिवस पडतं. का, ते कुणालाच कळत नाही. रोग आहे की विष, काही कळत नाही. कापून तपासायचं तर ताजं लागतं, सडलेल्यात काही दिसत नाही. पुण्याला तपासणारे लोक तयार आहेत, पण ताजं मेलेलं एक पाखरू त्यांच्या हाती लागत नाही. "एक मिळालं ना," सर म्हणाले, "कालचं, आजचं, एक. तर कदाचित बाकीची वाचवायचा काही मार्ग निघेल."

मी चहा घेऊन बाहेर आले. पदर पोटावर ओढून.

"ताई, तुम्ही दिवसभर घरी असता," सर म्हणाले. फार मऊ बोलायचे ते. "मान खाली टाकून बसलेलं एखादं कुठे दिसलं का? झाडावर, भिंतीवर? मेलेलं?"

"नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात मागच्या अंगाला कुत्री भांडायला लागली. आमच्याच उकिरड्यावर. एक गुरगुरत होतं, दुसरं काहीतरी ओढत असल्यासारखं. हे उठले. "काय सापडलं यांना बघतो," म्हणत चपला घालू लागले. माझ्या हातात चहाचं ताट होतं. मी ते घेऊन यांच्या वाटेतच उभी राहिले.

"बठ खाले," अक्का म्हणाल्या. त्या ओट्याच्या टोकाला वाती वळत बसल्या होत्या. "तठे मांजर मरेल शे. मीच टाकेल शे. वास मारस, पाव्हना बठेल शे आठे."

"मांजर कुठलं?"

"मांजर मांजर ऱ्हास. तुले इचारीसन मरस का ते?" असं म्हणून त्या उठल्या, काठी घेतली आणि स्वतः मागे गेल्या. कुत्र्यांचं केकाटणं ऐकू आलं. मग फावड्याचा आवाज. बराच वेळ. सरांनी चहा संपवला, पुन्हा येतो म्हणाले. हे त्यांना झाडांपर्यंत पोचवायला गेले. तो रिकामा डबा लुनावर खडखडत गेला. पाखरू आणि डबा यांच्यात फक्त आमचं घर होतं.

मी आत येऊन कोठीच्या अंधारात उभी राहिले. अक्कांना काय ठाऊक आहे आणि आता त्या काय करणार, हे दोन्ही मला कळत नव्हतं. त्या आल्या. हातपाय धुतलेले. दार लोटलं.

"शिडी चढनी व्हती ना तू?"

मी मान हलवली.

"पडती तर?" त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं. "सातवा लागी ऱ्हायना आणि तू शिडी चढनी. पडती तर काय करती मी?"

गिधाडाचं नावही त्यांनी काढलं नाही. मी रडत रडत एवढंच म्हटलं, "अक्का, कालपासून हलत नाही."

त्यांनी मला चुलीपाशी आणून डाव्या कुशीवर निजवलं, साखरपाणी पाजलं आणि पोटावर हात ठेवून बसल्या. शेणाचा वास येत होता त्या हाताला. त्यांचे ओठ हलत होते.  साण्यातलं ऊन उतरंडीवरून खाली सरकत आलं, जमिनीवर आलं, आणि तेव्हा अक्कांच्या हाताखाली एक हलकासा धक्का बसला. मग आणखी एक. अक्कांनी श्वास सोडला.

"हाई आपला दोन्हीस्मा ऱ्हावू दे," त्या म्हणाल्या. "पोऱ्याले भी सांगू नको. त्या सरना मांगे येडा शे तो, गावभर सांगी."

पोऱ्या म्हणजे हे.

सातव्यात मला धुळ्याला माहेरी धाडलं. जाण्याआधी एक दिवस मी पाहिलं, अक्का धाब्यावर नवी खारी टाकत होत्या. खारी पावसाळ्याच्या तोंडावर टाकतात. थंडीत कोणी टाकत नाही. नानांनी विचारलं तर म्हणाल्या, उंदरांनी उकरलंय.

धुळ्याचे ते महिने मी कसे काढले ते सांगता येत नाही. आईकडे पत्र्याचं घर होतं. पत्र्यावर कावळा उतरला तरी मी उठून बसायची. आईला सांगावं असं रोज वाटे. पण आई घाबरून अक्कांना निरोप धाडेल, मग दोन घरांत बोलणं होईल, आणि शेवटी ते पारोळ्याच्या घरासारखंच होईल. कळा सुरू झाल्या तेव्हाही मी डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा विचारत होते, हलतंय ना, आवाज येतोय ना. त्या चिडल्या, म्हणाल्या, तुम्ही स्वतःकडे लक्ष द्या आधी. मुलगी झाली. झाल्या झाल्या रडली. मी तिचं तोंड बघण्याआधी तिची मान पाहिली. मान धरलेली आहे का ते. तान्ह्या पोराची मान कुठे धरलेली असते. ती एका बाजूला कलली आणि मी अशी काही ओरडले की नर्स धावत आली.

वैशाखात परत आले तेव्हा मागे उकिरडा उपसायचं काम चाललं होतं. खताच्या गाड्या शेतात जात होत्या. मी मुलीला घेऊन मागच्या दारात उभी राहिले. हे फावड्यानं ओढत होते, गडी टोपली भरत होते, आणि अक्का कमरेला पदर खोचून उकिरड्याच्या त्याच कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या वयात.

"अक्का, तू निघ ना बाहेर," हे म्हणत होते. "लोक काय म्हणतील, आईला उकिरड्यात उतरवलं."

"म्हनू दे. तू गाडी देख."

तो कोपरा त्यांनी स्वतः भरला. प्रत्येक टोपलीत आधी हात घालत होत्या. एकदा त्यांनी काहीतरी उचललं आणि पदराआड केलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मुलगी रडत होती म्हणून मी आत गेले. ते खत नदीकाठच्या शेतात पडलं, सादड्यांच्या खालीच.

त्यानंतर थोड्याच वर्षांत झाडं रिकामी झाली. ढोरं टाकायच्या बरडीवर कुत्र्यांची टोळी माजली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी तिला त्या वाटेनं एकटी कधी सोडली नाही. हे म्हणाले होते तसंच झालं, त्या भीतीलाही मला तोंड द्यावं लागलं. सर बदली होऊन धुळ्याला गेले. जाताना आमच्याकडे ठेवलेला त्यांचा तो डबा आमच्या माळ्यावर राहिला. यांनी तो बरीच वर्षं भंगारात दिला नाही. कुठे पाखरू पडल्याचं ऐकलं की हे सायकल काढून जायचे आणि दरवेळी उशीर झालेला असायचा.

मग एक दिवस पेपरात आलं. ढोरांना सूज आणि दुखण्यासाठी जे इंजेक्शन देतात, ते दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. मान टाकून बसतात आणि मरतात. ते इंजेक्शन बंद करणार होते. यांनी ती बातमी दोनदा वाचली.

"आपला बैल आठवतो?" हे म्हणाले. "पाठवड्या? तुला सहावा होता तेव्हा. गुडघा सुजला होता. डॉक्टर रोज येऊन टोचत होते, तरी गेला. आपण बरडीवर टाकला."

मला आठवत होतं. तो गेला त्या दिवशी नाना जेवले नव्हते. तो गेला आणि पाच-सहा दिवसांत आमच्या धाब्यावर ते येऊन बसलं होतं.

"आपल्याच बैलानं मेली असतील का काही?" यांनी विचारलं. मला नव्हे, असंच. उत्तर माझ्यापाशी होतं. मी भाजी निवडत राहिले.

एका पाखरानं काय झालं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा समजावलं आहे. कदाचित काहीच नाही. बर्फ वाटेत वितळला असता. तपासूनही कळलं नसतं. पण कळलंही असतं, आणि ती वर्षं वाचली असती, आणि त्या वर्षांत जी मेली ती. हे मला मोजता येत नाही म्हणूनच ते सुटत नाही.

अक्का गेल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी तो शब्द पाळला. त्यांचं दिवसकार्य आटोपलं आणि मी यांना सांगितलं. स्वयंपाकघरात. आता वर स्लॅब आहे, साणं नाही. मी सगळं सांगितलं, पाण्याचंही.

हे मुलीबद्दल बोलतील, शकुन-अपशकुनाबद्दल बोलतील, आईनं आपल्यापासून लपवलं म्हणून चिडतील, असं मला वाटलं होतं. यांनी विचारलं, "मान खाली होती?"

"हो."

"तुझ्यासमोर मेलं?"

"हो."

"आणि दुसऱ्या दिवशी सर ओट्यावर बसले होते." एवढं म्हणून हे उठले. मागे गेले. तिथे आता न्हाणीघर आहे. त्याच्या भिंतीपाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "कुठे?" मी जागा दाखवली.  मग आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

मला माफी मागायची आहे, पण एक गोष्ट लपवून मागणार नाही. दोन वर्षांपूर्वी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि मी खालून आकाशाकडे पाहिलं. आकाश रिकामं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सातपुड्यापर्यंत काही नाही. आणि मला बरं वाटलं. आधी बरं वाटलं. लाज नंतर वाटली. नातवाचं सगळं सुखरूप झालं, तरी ते बरं वाटणं मला विसरता येत नाही.

आठवड्यानंतर हे बोलले ते असं, "सरांना तू सांग. मी नाही सांगणार."

सर धुळ्यात असतात, मुलाकडे. वय झालं. ऐकू फार कमी येतं, शेजारी बसून ओरडावं लागतं. मी एकदा जाऊन आले. त्यांच्या सूनबाईनं चहा दिला, नातवंडं खोलीतच खेळत होती. सरांनी विचारलं, सादडे उभे आहेत ना? मी मोठ्यानं म्हटलं, आहेत. पुढचं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. परत आले.

डोळे मात्र त्यांचे चांगले आहेत. म्हणून हे सगळं लिहून काढलं. येत्या रविवारी हे ते कागद घेऊन धुळ्याला जाणार आहेत. मीही जाईन म्हणते. सर वाचत असतील तेव्हा मला समोर बसायचं आहे, आणि आत्तापासूनच माझे पाय त्या शिडीवर कापत होते तसे कापत आहेत.